एकाच क्रमांकाची दोन घरे

मंगळवारी सायंकाळी काकासाहेबांनी आपल्या आत्मवृत्ताचे तिसरे प्रकरण पूर्ण केले, संगणक विधिपूर्वक बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केले, "झालं बरं का तिसरं." बुधवारी सकाळी ते प्रकरण नव्हते. पहिले होते, दुसरे होते. दुसऱ्याच्या अखेरच्या पूर्णविरामापुढे एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती, आणि तिच्या लुकलुकण्यात किंचित उपहास आहे असे काकासाहेबांना वाटले.

"तुम्ही लिहिलं होतं ना नक्की?" काकूंनी विचारले.

प्रश्न निरुपद्रवी होता. परंतु त्यातला 'नक्की' हा शब्द काकासाहेबांच्या वर्मी लागला. न्यायालयाच्या नक्कल विभागात छत्तीस वर्षे सेवा करून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या मनुष्याला हा शब्द सहजासहजी ऐकवत नाही. ज्यांना नक्कल विभागाचे माहात्म्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे, की मूळ दस्ताची प्रत तयार झाली म्हणजे काम संपत नाही, तेथे ते आरंभ पावते. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, स्वल्पविरामासकट. दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकावे. याला रुजवात म्हणतात. ती पुरी झाल्यावाचून मूळ कागद आणि त्याची प्रत यांची ताटातूट करायची नाही, हा त्या विभागाचा धर्म. काकासाहेबांच्या शिक्क्याखालून गेलेल्या एकाही नकलेत कधी चूक निघाली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये लिहिली, आता स्वतःची चार लिहावीत, एवढ्याच माफक इच्छेने त्यांनी आत्मवृत्त आरंभले होते.

त्यासाठी निमित्त झालेला संगणक मात्र वार्धक्याला पोहोचला होता. त्याची डिस्क काही आठवड्यांपासून कण्हत होती. खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी ते कण्हणे जिन्यातून ऐकले आणि वर येऊन निदान केले, "काकासाहेब, डिस्कचं माणसासारखंच असतं. कुरकुरायला लागली की समजायचं. आत आहे ते वेळेवर दुसरीकडे हलवा." विमा एजंट कोणत्याही विषयावरून तीन वाक्यांत मरणापर्यंत येत असत. त्या दिवशी ते दोन वाक्यांतच आले.

म्हणून काकासाहेब बाजारातल्या जिन्याखालच्या दुकानात गेले होते. दुकान एका पन्नाशीच्या बाईंचे होते. अंबाड्यात पेचकस खोचून त्या यंत्रांची पोटे उघडीत.

"नवी डिस्क टाकते काका, आणि तुमचं सगळं सामान तिच्यात हलवते," बाई म्हणाल्या.

"हलवायचं नाही. नक्कल करायची. मूळ आहे तसं राहिलं पाहिजे."

"बरं, कॉपी करते."

"अक्षर न् अक्षर?"

"तशीही करता येते. पण मग डिस्कचा ओळख क्रमांकसुद्धा तोच येतो. तेवढा मी बदलून देते."

काकासाहेब खुर्चीतच ताठ झाले. "बाई, जिच्यात एक आकडा बदललाय, तिला नक्कल म्हणत नाहीत. खोटा दस्त म्हणतात."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग मागे उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिले. "मग मूळ डिस्क घरी नेऊन कपाटात ठेवणार ना?"

"रुजवात होईपर्यंत दोन्ही संगणकाच्या एकाच पेटीत राहतील."

काकासाहेबांच्या स्मरणाप्रमाणे येथे संभाषण संपले आणि ते विजयी मुद्रेने घरी परतले.

रुजवातीचा प्रयत्नही प्रामाणिकपणे झाला. काकू जुन्या डिस्कवरच्या फायलींची यादी वाचीत, काकासाहेब नव्या डिस्कच्या यादीवर बोट ठेवीत. दोनशे अकराव्या नावाला काकूंचा घसा बसला. "एकूण किती आहेत?" त्यांनी कुजबुजत विचारले. काकासाहेबांनी पाहिले. साडेतीन लक्षांहून अधिक होती. काकूंनी चष्मा मिटला आणि त्या आत गेल्या. रुजवात अनिश्चित काळासाठी तहकूब झाली. दोन्ही डिस्का पेटीतच राहिल्या.

आणि आता हे तिसरे प्रकरण.

काकासाहेबांनी ते बुधवारी पुन्हा लिहून काढले. विषय होता 'शाईचे प्रकार व त्यांचे स्वभाव'. ईर्ष्येने चौथेही लिहिले. गुरुवारी सकाळी संगणक उघडला, तर तिसरे प्रकरण तेथे होते. परंतु ते बुधवारी लिहिलेले नव्हे, मंगळवारचे. चौथ्याचा मागमूस नव्हता. ज्याने सबंध सेवाकाळात दुसऱ्याचा एक अनुस्वार इकडचा तिकडे केला नाही, त्याने स्वतःचे एक प्रकरण दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिले होते, आणि त्यांपैकी एका वेळी एकच खरे ठरत होते. शुक्रवारी चौथे परत आले. शनिवारी गेले.

काकासाहेबांनी वही घातली. आधीची प्रकरणे प्रथम नोंदून घेतली, मग रोजचे. आज काय लिहिले, किती वाजता लिहिले, खाली सही. दुसऱ्या दिवशी वही एक सांगे आणि यंत्र दुसरेच. पुरावा म्हणून त्यांनी ती वही काकूंपुढे ठेवली. काकूंनी ती आदराने वाचली आणि तितक्याच आदराने म्हणाल्या, "वहीत तुम्ही लिहिलंय खरं."

मनुष्याला मारून टाकणारी काही वाक्ये अशी निरुपद्रवी दिसतात.

इमारतीत बातमी पसरायला जिन्याचा उपयोग झाला. विमा एजंट म्हणाले, "माझ्या एका ग्राहकाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग बायकोचं नाव."

"मग?"

"मग क्लेम," विमा एजंट म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी उपाय सुचवला. "एकोणतीसचा पाढा रोज उलटा म्हणा. जिने चढताना. मेंदूला आणि गुडघ्यांना एकदमच व्यायाम." काकासाहेब तिसऱ्या पायरीवर दोनशे एकसष्ट म्हणून थांबले असता समोरून दूधवाला आला. त्याने आदराने बाजू दिली आणि तो खाली जाऊन काहीतरी सांगता झाला. दुसऱ्या दिवसापासून लोक काकासाहेबांशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले.

विमा एजंटांनी आणखी एक शोध लावला. "तुमच्या विसरण्याचा हवेशी संबंध आहे. थंडी पडली की जास्त. मी नोंद ठेवतोय." नोंद ठेवणारे आता इमारतीत दोघे झाले होते.

मग सोसायटीच्या समितीचे पत्र आले. इमारतीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली नऊ वर्षे काकासाहेबांकडे होती. ती किल्ली हे त्यांचे अखेरचे शासकीय पद. 'आपल्या प्रकृतीस आराम मिळावा या हेतूने सदर जबाबदारीतून आपणांस मुक्त करण्यात येत आहे,' असे पत्रात म्हटले होते. काकासाहेबांनी त्यातले दोन लेखनदोष सुधारले, किल्लीला पुसले आणि पत्र आणणाऱ्या मनुष्याकडून पोच घेऊन ती त्याच्या हाती दिली. दार लावल्यावर ते बराच वेळ दारापाशीच उभे राहिले. काकूंनी आतून पाहिले.

घरात हळूहळू फरक पडत होता. गॅसचे बटण काकू स्वतः पाहू लागल्या. काकासाहेबांच्या खिशात एके दिवशी घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी निघाली. त्यांनी ती बाहेर काढली, वाचली, पिनकोडमधला एक आकडा चुकला होता तो दुरुस्त केला आणि परत खिशात ठेवली.

कोणाला न सांगता ते एका गोष्टीचा विचार करीत होते. त्यांचे थोरले बंधू अखेरची तीन वर्षे भेटायला आलेल्या प्रत्येकाला नम्रपणे विचारीत, "आपण कोणत्या खात्यातले?" काकासाहेब दर रविवारी जात आणि दर रविवारी सांगत, "नक्कल विभाग." भाऊ म्हणत, "वा! माझा धाकटा भाऊही तिथेच आहे. ओळख असेल तर नमस्कार सांगा." काकासाहेब सांगतो म्हणत. तीन वर्षे त्यांनी आपल्या भावाचा नमस्कार असा स्वतःच स्वतःला आणून पोचवला होता.

म्हणून मुलीने फोनवर "बाबा, एकदा दाखवून घ्या ना, माझ्यासाठी" असे म्हटले, तेव्हा ते भांडले नाहीत. त्यामुळे मुलगी अधिकच घाबरली.

डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. "मी तीन शब्द सांगतो, काकासाहेब. ते लक्षात ठेवायचे. छत्री, कुलूप, नदी."

"मूळ कोणाकडे आहे?" काकासाहेबांनी विचारले.

"म्हणजे?"

"लेखी आहे का? नुसतं तोंडी असेल तर रुजवात कशाशी घालायची?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. पाच मिनिटांनी त्यांनी शब्द विचारले. "छत्री, स्वल्पविराम, कुलूप, स्वल्पविराम, नदी, पूर्णविराम," काकासाहेबांनी अचूक सांगितले. डॉक्टरांनी पुन्हा काहीतरी लिहिले, आणि या वेळी जरा जास्त लिहिले.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज एवढ्यावरून काही सांगता येणार नाही. पुढच्या गुरुवारी सविस्तर तपासणी करू. घरचं कोणीतरी बरोबर आणा."

काकासाहेब रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी आपली स्मृती शाबूत असल्याचा दाखला मागितला. खिडकीतल्या बाईंनी तिन्ही खण शोधले. "आजार असल्याचा दाखला मिळतो आजोबा. आजार नसल्याचा नमुना छापलेलाच नाही." काकासाहेबांना हा युक्तिवाद पटला, हीच त्यातली शोकांतिका. नमुना नसेल तर दाखला नाही, असे त्यांनी स्वतः कित्येकांना सांगून परत पाठवले होते.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि तो थिजला. काकासाहेबांनी यंत्र चादरीत गुंडाळले.

"मी येते बरोबर," काकू म्हणाल्या.

"मला अजून रस्ता आठवतो," काकासाहेब म्हणाले, आणि यंत्र कडेवर घेऊन निघाले.

दुकानातल्या बाईंनी पेटीचे झाकण काढले आणि आत पाहून त्यांचा हात थांबला. "दोन्ही आतच?"

"रुजवात व्हायची आहे."

"काय काय होतंय ते सांगा."

काकासाहेबांनी सांगितले. वही दाखवली. बाईंनी ती बोट फिरवीत वाचली. वाचून झाल्यावर "वहीत लिहिलंय खरं" असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बसा."

काकासाहेब बसले.

"हे बघा काका. यंत्र सुरू होतं तेव्हा ते लगेच आपल्या घरात शिरत नाही. घराचं कुलूप उघडायची अवजारं घरातच असतात ना, मग उघडणार कसं? म्हणून ते आधी स्मृतीत एक छोटा तंबू ठोकतं. तंबूत मोजकंच सामान. थोड्या किल्ल्या, एक कंदील समजा, आणि घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. तेवढ्या वेळापुरता तो तंबूच त्याचं मूळ. मग चिठ्ठीतल्या क्रमांकाचं घर शोधायचं, दार उघडायचं, सगळा कारभार तिकडे न्यायचा आणि मागचा तंबू मोडून टाकायचा. त्या क्षणापासून घर हेच मूळ. मूळ बदललं हे पुढे कोणाला कळतसुद्धा नाही."

"मूळ बदलतं?" काकासाहेबांनी अविश्वासाने विचारले.

"रोज. तुम्ही बटण दाबलं की दर वेळी. आता तुमच्या पेटीत एकाच क्रमांकाची दोन घरं. चिठ्ठी खरी, क्रमांक खरा, दोन्ही दारांवर पाटी तीच. जी डिस्क आधी जागी होईल तिच्यात हे शिरणार. तुमची जुनी डिस्क थंडीत उशिरा उठते. गार सकाळ असली की नव्या घरात, ऊन असलं की जुन्या घरात. मंगळवारचं लिखाण एकीकडे, बुधवारचं दुसरीकडे. आणि आज जुनी दार उघडता उघडताच बसली, म्हणून हे सगळं दारातच अडकलं."

काकासाहेबांना प्रथम विमा एजंटांची आठवण झाली. हवेचा संबंध होता. त्या मनुष्याचे म्हणणे खरे निघावे, हा घाव त्यांनी मुकाट्याने सोसला.

"म्हणजे मी लिहिलं होतं?"

"लिहिलं होतंच की." बाईंनी जुनी डिस्क काढून बाजूला जोडली. ती बराच वेळ कण्हली आणि मग उठली. त्यांनी पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी मांडल्या. "मोजा. दोन्हीकडची मिळून तेरा प्रकरणं. वहीत किती?"

"तेरा."

"तिसरं दोनदा आहे. कुठलं खरं धरू?"

काकासाहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसला. पुसायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. मग ते म्हणाले, "दोन्ही," आणि आपण असे उत्तर दिले याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

बाईंनी तेरा प्रकरणे नव्या डिस्कवर एकत्र केली, तिचा क्रमांक बदलला, तंबूतल्या चिठ्ठीवर नवा क्रमांक लिहिला आणि जुनी डिस्क कागदात गुंडाळून काकासाहेबांच्या हाती दिली. यंत्र तीनदा सुरू करून दाखवले. तिन्ही वेळा तेरा. क्रमांक बदलण्याला काकासाहेबांनी हरकत घेतली नाही. त्यांचे मन अन्यत्र होते. टाकीची किल्ली, समितीचे पत्र, गुरुवारची तपासणी, सगळे एका फुंकरीने उडून गेले होते. एका परीने ते निर्दोष सुटले होते, आणि निर्दोष सुटलेल्या मनुष्याचा चेहरा कसा असतो हे त्यांनी न्यायालयात पुष्कळदा पाहिले होते.

"पण बाई," ते प्रसन्नपणे म्हणाले, "हे तुम्ही तेव्हाच मला सांगायला हवं होतं."

बाई वायर गुंडाळत होत्या. "सांगितलं होतं काका."

"क्रमांक बदलण्याचं बोललात. दोन्ही एकत्र ठेवल्या तर असं होईल, हे नाही सांगितलंत."

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, लिहून द्या. मी लिहून दिलं." बाईंनी गल्ल्याखालून पावतीपुस्तक काढले, मागची पाने उलटली आणि ते त्यांच्यासमोर ठेवले.

कार्बनची निळी प्रत होती. वरच्या ओळी बाईंच्या अक्षरात: 'दोन्ही डिस्क एकत्र जोडून यंत्र सुरू करू नये. लिखाण दोन ठिकाणी विभागले जाईल.' खाली वळणदार, एकाही काना-मात्रेची चूक नसलेल्या अक्षरात लिहिले होते, 'वाचले. समजले. मूळ पावती मिळाली.' त्याखाली काकासाहेबांची सही.

काकासाहेबांनी ते एकदा वाचले. मग ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचले. अक्षर त्यांचे होते, सही त्यांची होती. न्यायालयात कोणी विचारले असते तर त्यांनी शपथेवर सांगितले असते. ती ओळ लिहितानाचा क्षण मात्र त्यांना कोठेही सापडेना. पेचकस आठवत होता, मागची रांग आठवत होती, स्वतःचे विजयी होणे तर फारच स्पष्ट आठवत होते. ही ओळ तेवढी नव्हती. एवढ्या जागी कोणी कागद लावलेलाच नव्हता.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुस्तक हळूच आपल्याकडे ओढले. "गर्दी होती काका त्या दिवशी. लक्षात राहत नाही माणसाच्या. माझ्याही नाही राहत."

"याची एक नक्कल मिळेल?" काकासाहेबांनी विचारले.

ते घरी पोहोचण्याआधीच बाईंनी फोनवरून काकूंना शुभवार्ता कळवली होती. तेवढीच, पुढचे काही नाही. घरात उत्सवाचे वातावरण होते. विमा एजंट जिन्यातच भेटले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, मशीनच!" मुख्याध्यापिकाबाईंनी पाढ्यांना श्रेय दिले. समितीच्या मनुष्याने टाकीची किल्ली पुढे केली; काकासाहेबांनी त्याची मूठ मिटवली आणि म्हटले, "राहू दे तुमच्याकडेच. चांगली सांभाळलीत." त्या विनयाने सगळे गहिवरले. फोनवर मुलगी हसत होती आणि रडतही होती.

"बाबा, मग उद्याची तपासणी रद्द करून टाकते मी."

"नको," काकासाहेब म्हणाले.

"अहो, पण आता कशाला?" काकूंनी विचारले.

काकासाहेबांनी खिशावर हात ठेवला. पाहुणे गेले, फोन ठेवला गेला, तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर काकूंपुढे सरळ केला. काकूंनी तो वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला.

"अक्षर तुमचंच," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मूळ पावती?"

"कुठे ठेवली, तेही आठवत नाही."

बाहेर कोणीतरी जिन्यात अजून काकासाहेबांच्या यंत्राची कथा दुसऱ्याला सांगत होते. मग काकूंनी फोन त्यांच्याजवळ सरकवला. काकासाहेबांनी रुग्णालयाला फोन लावला. खिडकीतल्या त्याच बाई होत्या.

"उद्याची वेळ पक्की करायची आहे," ते म्हणाले.

"रुग्णाशी नातं?"

"मीच."

"बरोबर कोण येणार?"

काकासाहेबांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी मान डोलावली. "पत्नी," ते म्हणाले. मग पलीकडून जे सांगितले जाई ते काकासाहेब एकेक करून मोठ्याने उच्चारू लागले. सकाळी साडेदहा. दुसरा मजला. डावीकडची तिसरी खोली. उपाशीपोटी. समोर कागद होता, हातात लेखणी होती. पहिला शब्द लिहून ते थांबले आणि त्यांनी लेखणी काकूंपुढे धरली.

काकूंनी ती घेतली. काकासाहेब सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी कागद उचलून धरला.

"वाचून दाखवू का?"

काकासाहेबांचे बोट सवयीने टेबलावर येऊन टेकले होते. ते त्यांनी उचलून घेतले.

"नको," ते म्हणाले. "तू लिहिलंयस, ते बरोबर असेल."